सुपाऱ्यांची सभा

कोलकात्यातला भाद्रपद कुजका असतो. हे मी म्हणत नाही, इथली माणसंच म्हणतात, 'पचा भाद्र'. आभाळ निळंशार होतं, न्यू टाउनच्या मोकळ्या प्लॉटांवर काशाच्या गवताचे पांढरे तुरे डोलायला लागतात, दुर्गापूजेचे बांबू गल्लोगल्ली उभे राहतात, आणि या सगळ्या शोभेखाली शहर गपचूप घामात शिजत असतं. मिठाला पाणी सुटतं. कपाटातल्या चपलांवर हिरवी लव येते. भिंतीला पाठ टेकली तर भिंतच आपल्याला टेकल्यासारखी वाटते. माझ्या डब्यातल्या पूजेच्या सुपाऱ्या या दिवसांत ओलावा पिऊन काळपट होतात. डबा उघडला की मी त्यांना म्हणते, "नमस्कार." आमच्या ह्यांना याची सवय झाली आहे. नव्या कामवालीला अजून व्हायची आहे.

परवा अशीच डबा उघडा टाकून बसले होते आणि हे मोबाइलवर बातमी वाचत होते. अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्यात कॉलेजच्या मुलांना राहायला जागा मिळत नाही, म्हणून वसतिगृहांसाठी सरकारनं रोखे काढायचे आहेत. पण ते काढायचे की नाही, हे आधी लोकांना मतपत्रिकेवर विचारणार.

"बघ," हे म्हणाले, "पोरांच्या खोलीसाठी अख्ख्या राज्याला विचारायचं. केवढी मोठी गोष्ट."

"त्यात काय? आम्ही तर हजर नसलेल्यांनाही विचारलं होतं."

"सगळ्यांना नाही विचारलंस," हे चष्म्यावरून बघत म्हणाले.

माझ्या नवऱ्याची हयात सरकारी हिशेब तपासण्यात गेली. त्यांच्यापासून मला ती एक गोष्ट लपवता आली नाही. आता तुम्हालाही सांगून टाकते. आमच्या मंडळाचे रोखे फिटत आलेत, वरच्या खोल्यांत आठ मुली राहतात, गॅलरीत त्यांच्या ओढण्या वाळतात. भीती कसली? थोडी आहे. पण ती रोख्यांची नव्हे.

डमडमला स्टेशनपासून दहा मिनिटांवर आमच्या मराठी मंडळाचं दुमजली घर आहे. खाली हॉल, वर चार खोल्या. मंडळ म्हणजे बदलीची माणसं: फोर्ट विल्यमच्या फौजी अधिकाऱ्यांची कुटुंबं, बँकांतली, सरकारी कचेऱ्यांतली, अलीकडे न्यू टाउनच्या कंपन्यांतली. तीन वर्षं, पाच वर्षं, मग एक दिवस दाराशी ट्रक लागतो, आणि जिच्याकडे काल आपण हळदीकुंकवाला गेलो तिच्या खिडकीत आज परक्याचे पडदे. नोंदवहीतलं नाव मात्र राहतं. ते आम्ही कधी खोडत नाही. गणपतीत संकल्पाच्या वेळी, गेलेल्या प्रत्येक घराची एक सुपारी तांदळावर मांडायची, ही जुनी रीत. घरचा माणूस पूजेला हजर नसला तर त्याच्या जागी सुपारी ठेवतात ना? तेच आम्ही सगळ्या मंडळासाठी करतो.

मतदानाची रीत त्याहून न्यारी. हात वर करायचा नाही, चिठ्ठी टाकायची नाही. हॉलमध्ये दोन बाजूंना वेताच्या खुर्च्या, एक रांग भिंतीकडे, एक खिडक्यांकडे. आधी सगळे भिंतीकडे बसतात. ज्याला ठराव मान्य आहे त्यानं उठायचं, मधली फरशी ओलांडायची आणि खिडकीकडे जाऊन बसायचं. बूड हलल्याशिवाय होकार मोजत नाहीत. बाहेरगावी गेलेल्यांची सुपारी, नावाच्या चिठ्ठीसकट, भिंतीकडच्या खुर्चीवर ठेवतात. त्यांचा होकार आला असेल तर चिटणिसानं ती उचलून पलीकडे न्यायची. उत्तरच आलं नसेल, तर ती राहते भिंतीकडे.

त्या वर्षी चिटणीस मी होते.

आणि त्या वर्षी पल्लवी आली. हिंगोलीकडची मुलगी, संख्याशास्त्र शिकायला कोलकात्यात आलेली, दोन वेण्या, आवाज इतका बारीक की आपणच पुढं वाकावं. आमच्या गल्लीत एका माशीमांकडे, म्हणजे बंगाली मावशींकडे, खोली घेऊन राहायची. गणपतीच्या आरतीला आली आणि प्रसादाचा मोदक हातात तसाच धरून म्हणाली, "काकू, माशीमांचा मुलगा परत येतोय. इथल्या, कोजागरीच्या लक्ष्मीपूजेपर्यंत खोली सोड म्हणाल्यात."

"मग दुसरी बघू की."

"सात बघितल्या. एका ठिकाणी दाराला आतून कडी नाही. एका ठिकाणी मालक म्हणाले, किल्ली आमच्याकडे राहील." तिनं मोदकाकडे बघितलं. "बाबा म्हणतात, जागा नसेल तर घरी ये. शिक्षण पुरे झालं. लोकांच्या घरी पाहुणी म्हणून राहायचं नाही."

लोकांच्या घरी म्हणजे माझ्या. विचारून झालं होतं माझं. आमच्या दोन खोल्या, त्यात सासूबाईंचा पलंग. तरी म्हटलं होतं, ये. तिच्या बाबांनी फोनवर मला नकार दिला होता, तोही फार गोड शब्दांत नाही.

मंडळाच्या वरच्या चार खोल्या वर्षानुवर्षं बंद होत्या. छताला गळती, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, बाथरूमचं दार बाथरूममध्येच आडवं. तिथं मुलींचं वसतिगृह करायचं आणि त्यासाठी मंडळानं रोखे काढायचे, सभासदांनी ते घ्यायचे, खोल्यांच्या भाड्यातून ते हळूहळू फेडायचे, ही कल्पना अध्यक्षांची, अप्पांची. अप्पा म्हणजे ऐंशी ओलांडलेले, बँकेतून निवृत्त झाल्यावरही परत न गेलेले एकमेव गृहस्थ. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि माझा उत्साह मिटवला.

"घर तारण ठेवायचं असेल तर नोंदवहीतल्या दोन तृतीयांश घरांचा होकार लागतो, वहिनी. हजर असलेल्यांच्या नव्हे. नोंदवहीतल्या."

नोंदवहीत बेचाळीस घरं. कोलकात्यात उरलेली पंधरा. होकार हवेत अठ्ठावीस.

आणि लक्ष्मीपूजेच्या आधी दुरुस्ती व्हायची तर सभेला एकच रविवार उरत होता. पितृपंधरवड्यातला.

"पितृपक्षात?" सबनीस म्हणाले. सबनीस न्यू टाउनच्या कंपनीत मोठे मॅनेजर, तिरकस बोलण्यात त्याहून मोठे. "वहिनी, या दिवसांत ज्यांना बोलावतात ते जेवून जातात. मतदान करत नाहीत."

"नवीन काही करायचं नाही," अप्पा शांतपणे म्हणाले. "फक्त विचारायचं आहे. विचारायला कुठला पक्ष आड येत नाही."

मग मी विचारत सुटले. दोन आठवडे रोज दुपारी, घामानं कानाला चिकटलेला फोन आणि समोर नोंदवही. ते दिवस मला अजून बोटांच्या टोकांत आठवतात. काही नंबर आता दुसऱ्याच कुणाचे झाले होते. भोपाळला एका कर्नलसाहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हॉलमधला तो तिसरा पंखा अजून कण्हतो का?" कण्हतो म्हटल्यावर म्हणाले, "मग माझा होकार लिहा." नाशिकला एका मुलीनं सांगितलं की बाबा जाऊन चार वर्षं झाली, मी सॉरी म्हणेपर्यंत तीच म्हणाली, "पण होकार त्यांच्याच नावानं लिहा ना. अजून त्यांचं मत कुणीतरी विचारतंय म्हटल्यावर त्यांना किती बरं वाटलं असतं."

मी लिहिला. लिहिताना जाणवलं, की गैरहजर आणि गेलेला यांतला फरक आमच्या नोंदवहीला कळतच नाही. बदलीच्या माणसाचं नाहीतरी कुठं काय उरतं? घर सरकारी, मुलांच्या शाळा बदलत्या, भाषा दर गावची वेगळी. एखाद्या ओल्या हॉलमध्ये एका खुर्चीवर आपल्या नावाची सुपारी आहे, आणि काहीही करण्यापूर्वी तिला विचारतात, हे अस्तित्व लहान नव्हे.

इंदूताई परांजप्यांचा फोन मात्र वाजत राहायचा. साताऱ्याला. मी नवी नवरी म्हणून कोलकात्यात आले तेव्हा या इंदूताईंनी मला मासळीबाजारात हरवू न देता भाजी कशी आणायची ते शिकवलं होतं. सहा वेळा फोन केला. सहाही वेळा तो पूर्ण वाजला आणि थांबला. कुणीतरी बाजूलाच बसून वाजू देत असावं, असा.

सभेच्या दिवशी दुपारी चारला वीज गेली.

पंखे थांबले तसा हॉल ऐकू यायला लागला. खिडक्यांच्या लाकडी झडपांच्या, खडखड्यांच्या, फटींतून उन्हाच्या पट्ट्या फरशीवर पडल्या होत्या. बाहेर लांब कुठंतरी मंडपाचे बांबू ठोकत होते. आम्ही पंधराजण भिंतीकडे, एकमेकांत मिसळून, आणि आमच्या मध्ये, मागे, शेजारी सत्तावीस खुर्च्यांवर सत्तावीस सुपाऱ्या. दमटपणानं काळ्या पडलेल्या, किंचित चकाकणाऱ्या. वेताची खुर्ची दमट हवेत आपोआप करकरते, हे मला ठाऊक आहे. पण माणूस बूड सरकवून नीट बसताना जशी करकरते, तशी ती करकर एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, आणि सबनीसांनी आपला शर्ट गळ्याशी सारखा केला.

"पल्लवी, बोल बाळ," अप्पा म्हणाले. "सभेला उद्देशून बोलायचं."

ती उभी राहिली. आमच्याकडे बघितलं. मग तिनं, का कोण जाणे, खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि ती सुपाऱ्यांशीच बोलायला लागली.

"माझं नाव पल्लवी. तुम्ही मला ओळखत नाही. मीही तुम्हाला ओळखत नाही. तुम्हीही इथं बाहेरूनच आला होता, म्हणून सांगते. मला मोठी खोली नको. पंखा नसला तरी चालेल. दाराला आतून कडी हवी, आणि ती मी लावली की बाहेरून कुणी उघडू नये. मला अजून दोन वर्षं शिकायचंय. बस."

तो बारीक आवाज प्रथमच शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला. समोर ऐकून घेणारे असले की आवाजाला बळ येतं. मी मंडळाच्या नाटकांत तीस वर्षं कामं केली आहेत, मला कळतं. त्या दिवशी ऐकून घेणारे पंधरा नव्हते.

सबनीसांनी रीतसर विरोध केला, आणि तो खोटा नव्हता. "वसतिगृह चाललं नाही तर हे घर जाईल. मग पुढच्या बदलीवाल्यानं यायचं कुठं? आणि वहिनी, एक सांगा, सुपारीला तारण म्हणजे काय ते कळतं?"

"तुमच्याएवढं कळत असेल की," मी म्हटलं. हशा झाला. हशा थोडा जास्तच वेळ चालला, म्हणजे आम्ही थांबल्यावरही.

मग उठबस. अकराजण खिडकीकडे गेले, सबनीसांसह चारजण भिंतीकडे राहिले. मी सुपाऱ्या न्यायला लागले. एकेक नाव मोठ्यानं म्हणायचं, दोन्ही हातांत सुपारी घ्यायची, फरशी ओलांडायची, खुर्चीवर ठेवायची. भोपाळ. नाशिक. जबलपूर. सोळा फेऱ्या. दर फेरीला त्या सुपाऱ्या मला जड लागत गेल्या; उकाड्यानं असेल. माझ्याकडचे होकार संपले तेव्हा खिडकीकडे सत्तावीस झाले होते.

सत्तावीस.

पल्लवी मनात मोजत होती. संख्याशास्त्राची पोर, तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं खाली बघितलं आणि पर्सची चेन लावली, निघायच्या आधी लावतात तशी.

अप्पा चष्मा पुसत होते. मी वळले, भिंतीकडे गेले, एक सुपारी उचलली. नाटकात खोटं बोलायचं असेल तर आवाज चढवायचा नसतो, उलट जरा कंटाळल्यासारखा काढायचा.

"इंदूताई परांजपे, सातारा," मी म्हटलं. "होकार."

फरशी ओलांडताना माझ्या तळहातांत ती सुपारी गरम होती. मी तिला खिडकीकडच्या शेवटच्या खुर्चीवर ठेवलं, आणि खुर्ची करकरली. त्याच क्षणी वीज आली, तिसरा पंखा कण्हला, सगळे सुटल्यासारखे टाळ्या वाजवायला लागले. आणि पहिला रोखा कुणी घेतला सांगू? सबनीसांनी. "हरलो ते हरलो," म्हणाले, "आता बुडू देणार नाही. लिहा माझं नाव."

लक्ष्मीपूजेच्या आदल्या दिवशी पल्लवी वरच्या पहिल्या खोलीत राहायला आली. चुन्याचा ओला वास, नवी वायर, आणि दाराला पितळी कडी. तिनं ती लावून बघितली, उघडली, पुन्हा लावली. मी बाहेर उभी होते, मला आत घ्यायचं ती विसरलीच. फार छान वाटलं.

खालच्या हॉलमधल्या खुर्च्या मात्र तशाच होत्या. सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत मंजूर होईपर्यंत सुपाऱ्या हलवायच्या नाहीत, असा नियम आहे, आणि पुढची सभा दिवाळीनंतर. त्यामुळं तो महिनाभर पल्लवी वर एकटी, आणि खाली हे सगळे. मी काळजीनं विचारलं, "भीती नाही ना वाटत?"

"कशाची? सकाळी जाताना येते म्हणते. परत आल्यावर आले म्हणते." ती हसली. "घरीपण कुणी उत्तर देत नाही, काकू."

दिवाळीला आठ दिवस उरले होते. दुपारचे चार वाजत आले होते, मी चकल्यांची भाजणी चाळत होते. फोन वाजला. सातारा.

"तुमचे खूप फोन येऊन गेले. मी परांजप्यांची सून. आईंच्या आजारपणात बघायलाच झालं नाही, माफ करा हं."

मी चाळण खाली ठेवली. इंदूताईंना अर्धांगवायू होऊन वर्ष झालं होतं. पलंगावरच सगळं. सून चांगली होती, मोकळी होती, बोलायला कुणी हवं असलेली होती. म्हणाली, "तब्येत तशी स्थिर आहे. फक्त मध्ये एक खूळ घेतलंय डोक्यात. पितृपक्षात एका रविवारी दुपारी एकदम ओरडल्या, मला कुणी उचललं? मला इथं खिडकीशी कुणी बसवलं? मी म्हटलं, आई, तुम्ही पलंगावरच आहात. तेव्हापासून रोज तेच. ऊन डोळ्यावर येतं म्हणतात, पट्ट्यापट्ट्यांचं. आणि गंमत म्हणजे, त्यांच्या त्या खोलीला खिडकीच नाही."

ती हसली. मीही हसले असेन. माझे पीठ लागलेले हात माझ्यासमोर होते आणि ते मला दुसऱ्या कुणाचे वाटत होते.

"त्यांना फोन देता का जरा?"

खूप वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग इंदूताईंचा आवाज, अडखळणारा, पण त्यांचाच. "सुनंदा ना गं?"

"हो, इंदूताई."

"विचारायचंस तरी."

पल्लवीचं दार, कडी, चुन्याचा वास सगळं डोळ्यांपुढून गेलं. सत्तावीस झाले की ठराव पडला. रोखे परत. घरी ये. पण खोटं बोलण्यासारखा तो श्वास नव्हता. मी म्हटलं, "चुकलं माझं. परत भिंतीकडे ठेवू का तुम्हाला? आत्ता जाऊन ठेवते."

"ठेव," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण आत्ता नको. माझ्या मांडीवर डोकं ठेवलंय कुणीतरी. पोर रडतेय. ती निजली की ठेव."

मी पीठ तसंच टाकून निघाले. बॅटरीरिक्षेचा टोटोवाला दोनदा म्हणाला, दीदी, हात धुवायचे राहिलेत.

हॉलचं दार नुसतं लोटलेलं होतं. संध्याकाळचं तांबूस ऊन खडखड्यांतून पट्ट्यापट्ट्यांनी आत आलं होतं. खिडकीकडच्या शेवटच्या खुर्चीपाशी पल्लवी जमिनीवर बसली होती, गाल खुर्चीवर टेकलेला, आणि तिच्या केसांना लागून ती सुपारी.

मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. तिनं डोकं उचललं नाही.

"खोली मिळाली म्हणून बाबांना कळवलं होतं," ती म्हणाली. "बरं म्हणाले. त्यानंतर फोनच उचलला नाही त्यांनी. महिना झाला. मी त्यांच्या ओरडण्याला इतकी कंटाळले होते ना काकू, आणि आता घरी ये म्हणणारंच कुणी नाही."

"आणि इथं कशी येऊन बसलीस? याच खुर्चीपाशी?"

तिनं विचार केला. "बाकीच्या सगळ्या गार आहेत. हीच एक नाही."

मी हात लावून बघितला नाही. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, पिठाचे पांढरे ठसे उमटत राहिले, आणि तिचा हुंदका हळूहळू लांबत गेला, मग नुसता श्वास झाला. उन्हाच्या पट्ट्या फरशीवरून वर चढून विझल्या. पल्लवी झोपली होती.

मग मी कबूल केल्याप्रमाणे उठले. अप्पांना काय सांगायचं, सबनीसांच्या तोंडाकडे कसं बघायचं, आणि या पोरीला उद्या कुठं ठेवायचं, हे सगळं ठरवून झालं होतं; म्हणजे काहीच ठरलं नव्हतं, पण सुपारी परत ठेवायची, हे ठरलं होतं. वाकले. या खेपेला रीतसर, हळू आवाजात विचारलं.

"इंदूताई, उचलू ना?"

"नको."

स्पष्ट. कुशीवर वळता वळता बोलावं, तसं.

मी हात मागे घेतला. पुढच्या सभेत इतिवृत्त मंजूर झालं, अठ्ठावीस विरुद्ध चौदा, आणि मी खाली सही केली. ती सही खोटी नाही.

तो 'नको' म्हणणारा आवाज पल्लवीचाच होता. असं मी घरी जाऊन ह्यांना सांगितलं.